गिनेसच्या शहरात स्वतःचा नळ

१९९६ साली डब्लिनच्या पार्लमेंट स्ट्रीटवर एक नवा पब उघडला. आयर्लंडच्या राजधानीत पबांना तोटा नाही, तरी या पबची चर्चा झाली, कारण तिथे गिनेस मिळत नव्हती. बाटलीत नाही, नळावर नाही, कुठेच नाही. गिनेसची सेंट जेम्सेस गेट ही ब्रुअरी तिथून पश्चिमेला चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. त्या पबमध्ये येऊन कोणी काळी बिअर मागितली, तर त्याला याच इमारतीत गाळलेली बिअर मिळे. पबचं नाव पोर्टरहाउस. त्यामागे ऑलिव्हर ह्यूज आणि लियम लाहार्ट हे नात्याने भाऊ लागणारे दोघे होते. पुढच्या वीस वर्षांत त्यांनी डब्लिन, लंडन आणि न्यूयॉर्कपर्यंत पब नेले. हा विस्तार बहुतेकदा हॉटेल व्यवसायातल्या यशाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो एका जुन्या अडचणीतून शोधलेली वाट वाटतो. ती अडचण समजायला थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये दोनशेच्या आसपास ब्रुअरी होत्या. जवळजवळ प्रत्येक बऱ्यापैकी गावाला स्वतःची बिअर होती. आर्थर गिनेसने १७५९ च्या शेवटच्या दिवशी सेंट जेम्सेस गेटची जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांसाठी घेतली, तेव्हा तोही असल्याच अनेकांपैकी एक होता. सुरुवातीला तो एल गाळत असे. लंडनच्या हमालांमध्ये लोकप्रिय झालेली काळसर पोर्टर समुद्रमार्गे डब्लिनला येऊ लागली होती. गिनेसने तिच्याशी स्पर्धा करायचं ठरवलं आणि १७९९ पर्यंत एल गाळणं साफ बंद केलं. पोर्टरचाच अधिक कडक प्रकार म्हणजे स्टाउट. कालवे आले, मग आगगाडी आली, आणि डब्लिनची पिंपं देशाच्या आतल्या भागात पोचू लागली. गावोगावच्या ब्रुअरी एकेक करून विझल्या. एकोणिसावं शतक संपता संपता गिनेस जगातल्या सर्वांत मोठ्या ब्रुअऱ्यांपैकी एक होती.

इथे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यातला एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. इंग्लंडमध्ये मोठ्या ब्रुअरी पब विकत घेत. ज्याची ब्रुअरी त्याचा पब, आणि त्या पबमध्ये त्याचीच बिअर. ही बांधिलकी इतकी वाढली की १९८९ मध्ये ब्रिटिश सरकारला कायदा करून मोठ्या कंपन्यांना २,००० च्या वरच्या पबांपैकी निम्मे पब मोकळे करायला लावावं लागलं. गिनेसने आयर्लंडमध्ये पब विकत घेण्याची वाट कधी धरली नाही. आयरिश पब हा बहुधा एका घराण्याचा असे. दारावर मालकाचं आडनाव, वर राहायची जागा, खाली गुत्ता आणि कित्येकदा त्याच खोलीत किराणा. विसाव्या शतकात बराच काळ पबमालक गिनेस पिंपातून आणून स्वतः बाटल्यांत भरत, आणि त्या बाटलीवरच्या लेबलावर पबमालकाचं नाव छापलेलं असे. कागदावर पाहिलं तर आयरिश पबमालक पूर्ण स्वतंत्र होता. त्याने कोणाचीही बिअर ठेवावी.

प्रत्यक्षात मात्र ठेवायला दुसरी बिअरच उरली नव्हती. कॉर्कमध्ये १७९२ ची बीमिश आणि १८५६ ची मर्फी या दोन स्टाउट टिकून होत्या, पण त्यांचा प्रभाव मुख्यतः दक्षिणेत. किलकेनीची स्मिथिक्स १९६५ मध्ये गिनेसच्या ताब्यात गेली. १९८३ मध्ये मर्फी हायनेकेनने घेतली. दरम्यान तंत्रही बदललं होतं. गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकल अ‍ॅश नावाच्या गणितज्ञाने १९५९ च्या सुमारास नायट्रोजनच्या साहाय्याने एकाच पिंपातून, एकसारख्या मलईदार फेसाची स्टाउट ओतण्याची पद्धत आणली. त्याआधी पिंटभर स्टाउट नीट भरणं हे कसबी माणसाचं काम होतं. दोन पिंपांमधून, तरुण आणि मुरलेली बिअर मिसळून तो ती भरे. नव्या यंत्रणेने हे कसब अनावश्यक केलं आणि गिनेसचा पिंट देशभर एकसारखा झाला. नळ, नळ्या, थंड करण्याची सोय, त्यांची देखभाल हे सगळं मोठी ब्रुअरीच पुरवू लागली. पबमालकाने तक्रार करावी असं काही नव्हतं. फक्त त्या काउंटरवर अनोळखी ब्रुअरीच्या नळाला जागा उरली नाही.

याच काळात एक चव नाहीशी झाली. आयरिश कामकरी माणूस पिढ्यानपिढ्या जी पीत आला, ती साधी पोर्टर. स्टाउटपेक्षा सौम्य, स्वस्त, दिवसभराच्या श्रमानंतर दोन-तीन पिंट सहज जातील अशी. डब्लिनकर तिला नुसतंच 'प्लेन' म्हणत. फ्लॅन ओब्रायनने १९३९ च्या आपल्या कादंबरीत तिच्यावर एक विनोदी कविता घातली आणि ती कविता आजही लोकांना पाठ आहे. पण १९७० च्या दशकात गिनेसने पोर्टर गाळणं थांबवलं. खप घटला होता, हे खरं. तरी ज्या शहराची ती ओळख होती, त्या शहरातून ती अशी गुपचूप गेली याचं मला वाईट वाटतं.

ह्यूज यांचं शिक्षण वकिलीचं. ऐंशीच्या दशकात त्यांनी डब्लिनच्या दक्षिणेला विकलो परगण्यात, ब्लेसिंग्टन इथे एक छोटी ब्रुअरी काढून पाहिली होती. ती टिकली नाही. त्या अपयशाची मुळं आधी सांगितलेल्या परिस्थितीतच आहेत. बिअर चांगली गाळली तरी ती ओतायची कुठे? बाहेरच्या पबमालकाला लहान ब्रुअरीची चार पिंपं घेऊन नफा काय, आणि आठवड्यात ती संपली नाहीत तर नासणार त्याचंच. त्यातून अबकारी कराचा दर लहान-मोठ्यांना एकच. ज्याचा खप अवाढव्य त्याला तो जाणवत नसे, लहान ब्रुअरीला तो गळफासासारखा होता.

म्हणून पुढच्या वेळी दोघा भावांनी क्रम उलटा केला. आधी पब, मग ब्रुअरी. १९८९ मध्ये त्यांनी ब्रे इथे पोर्टरहाउस नावाचा पहिला पब घेतला. ब्रे हे डब्लिनच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर समुद्रकाठचं जुनं सहलीचं गाव. १९८४ पासून डब्लिनची विजेची लोकल तिथपर्यंत जाऊ लागली होती. लांबलचक समुद्रकिनारी रस्ता, त्याला लागून हॉटेलं आणि पब. तिथे या दोघांनी जगभरातल्या, विशेषतः बेल्जियमच्या बिअरच्या बाटल्या मागवून ठेवायला सुरुवात केली. त्या काळच्या आयर्लंडमध्ये हे धाडसच होतं. सवयीने एकच पिंट मागणाऱ्या माणसासमोर त्यांनी निवड ठेवली. त्यातून त्यांना जे कळलं ते मोलाचं होतं. वेगळं काही समोर ठेवलं, नीट समजावून सांगितलं, तर लोक ते पिऊन पाहतात आणि पुन्हा मागतात. सात वर्षं त्यांनी ब्रेमध्ये हे गिऱ्हाईक घडवलं. स्वतःची बिअर गाळण्याआधी तिचा पिणारा तयार करायचा, हा त्यांचा हिशेब होता.

डब्लिनमधल्या पबसाठी टेम्पल बारची, म्हणजे पार्लमेंट स्ट्रीट ज्या भागात आहे त्या भागाची, निवडही विचारपूर्वक होती. लिफी नदीच्या दक्षिण काठावरच्या या जुन्या गल्ल्या ऐंशीच्या दशकात सरकारी वाहतूक कंपनीने मोठं बसस्थानक बांधण्यासाठी विकत घ्यायला सुरुवात केली होती. काम सुरू होईपर्यंत तिथली दुकानं आणि गोदामं थोड्या भाड्याने, थोड्या मुदतीवर दिली गेली, आणि चित्रकार, संगीतकार, जुनी पुस्तकं विकणारे अशी मंडळी तिथे जमली. गल्ल्यांना जीव आला. अखेर बसस्थानकाचा बेत मोडला. १९९१ मध्ये डब्लिन युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. त्याच वर्षी सरकारने या भागाच्या नूतनीकरणासाठी वेगळी कंपनी स्थापन केली. पाच वर्षांनी पोर्टरहाउस आला, तेव्हा टेम्पल बार पर्यटकांच्या नकाशावर ठळक होऊ लागला होता आणि आयरिश अर्थव्यवस्था तिच्या प्रसिद्ध भरभराटीच्या उंबरठ्यावर होती.

तरी डब्लिनमध्ये पब काढणं म्हणजे दुकान काढण्याइतकं सोपं नव्हतं. १९०२ च्या कायद्याने आयर्लंडमध्ये नवे परवाने देणं जवळजवळ बंद केलं होतं. नवा पब हवा तर चालू असलेला परवाना विकत घेऊन संपवावा लागे. २००० मध्ये नियम सैल होऊन देशातल्या कुठल्याही भागातला एक परवाना दुसरीकडे नेता येऊ लागला. शंभर वर्षांच्या या व्यवस्थेमुळे पबचा परवाना हीच मालमत्ता होऊन बसली. एवढं भांडवल घालणारा माणूस सहसा जोखीम घेत नाही. तो सगळे मागतात तेच ठेवतो. पोर्टरहाउसने नेमकं तेच ठेवायचं नाकारलं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निर्णयाचं वजन कळतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मायक्रोब्रुअरी म्हटलं की आज काचेपलीकडची चकचकीत तांब्याची भांडी डोळ्यांसमोर येतील. डब्लिनमध्ये तेव्हा पबमध्येच गाळलेली बिअर म्हणजे नवल होतं. पार्लमेंट स्ट्रीटवरची ती इमारत अनेक मजल्यांची, लाकडी जिन्यांची. भिंतींतल्या काचेच्या कपाटांत जगभरच्या बिअरच्या बाटल्या मांडलेल्या. संध्याकाळी गाणं-बजावणं. पण खरी गंमत नळांवर होती, आणि त्यातही तीन काळ्या बिअरमध्ये.

पहिली प्लेन पोर्टर. जी चव गिनेसने वीसेक वर्षांपूर्वी सोडून दिली होती, तीच पोर्टरहाउसने पुन्हा गाळली. साधारण ४.३ टक्के अल्कोहोल, भाजलेल्या सातूचा कडसर वास, अंगाला हलकी. दुसरी ऑयस्टर स्टाउट, जिच्यात गाळताना खरोखरच कालवं घालतात. कालवं आणि स्टाउट यांची जोडी आयर्लंड-इंग्लंडच्या खाण्यात जुनी आहे, त्यांनी ती ग्लासातच उतरवली. तिसरी रॅसलर्स, चारही बाजूंनी दणकट, अधिक कडू, पाच टक्क्यांची. हिची मूळ कृती कॉर्क परगण्यातल्या क्लोनाकिल्टीच्या डीझी ब्रुअरीच्या जुन्या स्टाउटवर बेतलेली. ती ब्रुअरी केव्हाच बंद पडली होती. मायकल कॉलिन्स हा आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता त्याच भागातला. चरित्रकार सांगतात की २२ ऑगस्ट १९२२ रोजी, ज्या दिवशी बेल ना ब्लाहच्या घाटात त्याच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, आपल्या जन्मगावाजवळच्या पबमध्ये त्याने सोबतच्या सैनिकांना हीच स्थानिक स्टाउट पाजली होती.

स्टाउट म्हणजे एकच छाप असं मानणाऱ्या देशात तीन स्टाउट-पोर्टर शेजारी शेजारी ठेवणं, आणि प्रत्येकीला तिची स्वतंत्र वंशावळ असणं, यातलं शहाणपण मला फार मोठं वाटतं. पिणाऱ्याला एकदम तुलना करता आली. 'गिनेसपेक्षा चांगली की वाईट' हा प्रश्न बाजूला पडून 'यातली कुठली' हा प्रश्न आला. १९९८ मध्ये बिअर उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्लेन पोर्टरला सुवर्णपदक मिळालं. ब्रुअरीची तांत्रिक बाजू बरीच वर्षं इंग्लंडहून आलेल्या पीटर मोस्ली यांनी सांभाळली.

त्याच सुमारास आयर्लंडमध्ये इतरही लहान ब्रुअरी निघाल्या होत्या. उत्तरेत लिस्बर्नची हिल्डन १९८१ पासून होती. क्लेअरमध्ये बिडी अर्ली, कार्लोमध्ये ओहाराज, कॉर्कमध्ये फ्रान्सिस्कन वेल, डब्लिनच्या स्मिथफील्डमध्ये डब्लिन ब्रुइंग कंपनी. यांतल्या अनेक जणांची बिअर उत्तम होती. पण नव्वदच्या दशकातली ही लाट काही वर्षांतच ओसरली. डब्लिन ब्रुइंग कंपनी बंद पडली, बिडी अर्लीही. टिकलेल्यांकडे पाहिलं तर एक गोष्ट दिसते. फ्रान्सिस्कन वेलला स्वतःचा पब होता. ओहाराजने निर्यातीचा आधार घेतला. ज्यांना दुसऱ्याच्या काउंटरवर जागा मागत फिरावं लागलं, त्यांची दमछाक झाली. पोर्टरहाउसच्या मालकीचे नळ होते, आणि त्यावर काय सोडायचं हे कोणाला विचारायला लागत नव्हतं.

यापुढचा विस्तार याच तर्काने झाला. जितकी जास्त बिअर गाळायची तितके जास्त नळ हवेत, आणि नळ स्वतःचे हवेत, म्हणजे पब हवेत. २००० मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमधल्या मेडन लेनवर मोठा पोर्टरहाउस उघडला, अनेक पातळ्यांचा, तांब्याच्या नळ्या भिंतींवरून फिरवलेला. १९७४ पर्यंत कॉव्हेंट गार्डन हा लंडनचा फळं-भाज्यांचा घाऊक बाजार होता आणि तिथे हमालांची वर्दळ असे. ज्या शहरात हमालांनी पोर्टरला मोठं केलं, तिथून ती पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात जवळजवळ नाहीशी झाली होती. आता ती डब्लिनहून पिंपांतून परत आली. अठराव्या शतकात प्रवास उलट्या दिशेने झाला होता.

लंडनच्या पबला पुरवठा करायचा म्हटल्यावर पार्लमेंट स्ट्रीटवरची भांडी पुरेनात. बिअर गाळण्याचं काम टेम्पल बारमधून हलवून शहराच्या पश्चिमेकडच्या औद्योगिक वसाहतीत नेलं गेलं. व्यवहार म्हणून ते अटळ होतं. पण पबच्या आत शिजणाऱ्या माल्टचा वास त्याबरोबर गेला, हेही खरं. नंतर डब्लिनमध्येच ट्रिनिटी कॉलेजसमोर नॅसॉ स्ट्रीटवर एक पब आला आणि उत्तरेला रॉयल कालव्याकाठी दुसरा. नॅसॉ स्ट्रीटच्या पबला लागूनच असलेला लिलीज बोर्डेलो हा नाइटक्लबही या समूहाकडे आला.

२००५ मध्ये आयरिश सरकारने वर्षाला २०,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर गाळणाऱ्या ब्रुअऱ्यांना अबकारी कराचा निम्मा भाग परत द्यायला सुरुवात केली. लहान ब्रुअऱ्यांसाठी हा निर्णय अनेक पुरस्कारांपेक्षा मोठा होता. त्यानंतर काही वर्षांत नव्या ब्रुअरी निघू लागल्या आणि २०१० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या साठ-सत्तरच्या घरात गेली.

मधल्या काळात २००८ ची मंदी आली. आयर्लंडमधल्या बँका कोसळल्या आणि २०१० च्या अखेरीस देशाला ८५ अब्ज युरोंच्या मदतीचा करार करावा लागला. गावोगावचे पब बंद पडत होते. २००९ मध्ये कॉर्कची बीमिश ब्रुअरीही बंद झाली आणि तिची स्टाउट हायनेकेनच्या दुसऱ्या कारखान्यात गाळली जाऊ लागली. अशा वेळी पोर्टरहाउसने न्यूयॉर्कला फ्रॉन्सेस टॅव्हर्न चालवायला घेतला. पर्ल स्ट्रीटवरच्या या इमारतीत ४ डिसेंबर १७८३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टनने आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला होता, आणि इमारतीची मालकी एका ऐतिहासिक संस्थेकडे आहे. घरची बाजारपेठ आटलेली असताना बाहेर नळ शोधणं हे धाडसाचं होतं. पण गरजेचंही होतं.

त्याहून मोठी उडी २०१२ ची. केरी परगण्याच्या टोकाला, अटलांटिककाठच्या डिंगल गावी, जुन्या लाकूडगिरणीच्या जागेत ह्यूज, लाहार्ट आणि मोस्ली यांनी व्हिस्कीची भट्टी उभारली. देशातल्या व्हिस्कीचं उत्पादन तेव्हा मोजक्या तीन-चार ठिकाणी एकवटलेलं होतं. डिसेंबर २०१२ मध्ये पहिलं मद्य पिंपांत भरलं गेलं. आयरिश कायद्यानुसार लाकडी पिंपात तीन वर्षं मुरल्याशिवाय त्याला व्हिस्की म्हणता येत नाही. तीन वर्षं पैसा अडकून पडणार, म्हणून पहिली ५०० पिंपं त्यांनी आधीच सामान्य लोकांना विकली आणि त्या खरेदीदारांना 'फाउंडिंग फादर्स' म्हटलं. दरम्यान जिन आणि व्होडका विकून घर चालवलं. बिअरच्या अनुभवातून आलेला एक धडा यात मला दिसतो. बाटलीतल्या व्हिस्कीला काउंटरवरचा नळ लागत नाही. ती दुकानाच्या फळीवर उभी राहते, विमानतळावर विकली जाते, महिनोन् महिने नासत नाही. ज्या अडचणीने यांना पब काढायला लावले, ती व्हिस्कीला नव्हतीच.

पहिल्या पिंपांना तीन वर्षं पूर्ण झाली २०१५ च्या डिसेंबरात. पुढच्या जुलैमध्ये ऑलिव्हर ह्यूज अचानक गेले. वय साठच्या आत. आयरिश बिअरच्या जगात तेव्हा जी हळहळ व्यक्त झाली ती केवळ एका यशस्वी व्यावसायिकासाठी नव्हती. त्यांच्यानंतर आलेल्या अनेक लहान ब्रुअऱ्यांच्या चालकांना पोर्टरहाउसच्या काउंटरवर उभं राहूनच पहिल्यांदा कळलं होतं की आयर्लंडमध्ये दुसरी बिअर असू शकते.

त्यानंतर समूहाचं रूप बदललं. उत्तरेकडचा कालव्याकाठचा पब २०१९ मध्ये दुसऱ्यांकडे गेला आणि तिथे द बर्नार्ड शॉ नावाचा पब आला. त्याच वर्षी लिलीज बोर्डेलो बंद झाला. मार्च २०२० मध्ये महामारीने आयर्लंडचे सगळे पब बंद केले, आणि ज्यांच्याकडे जेवण नव्हतं अशा डब्लिनमधल्या पबांना युरोपातल्या सर्वांत दीर्घ टाळेबंदींपैकी एक सोसावी लागली. ज्याची बिअर फक्त पबच्या नळातून वाहते त्याला ही बंदी किती महागात पडते, हे त्या महिन्यांनी निर्दयपणे दाखवलं.

लहान ब्रुअऱ्यांची मागणी मात्र दरम्यान संसदेपर्यंत पोचली होती. आयर्लंडमध्ये बिअर गाळणाऱ्याला आपल्याच ब्रुअरीत आलेल्या पाहुण्याला एक पिंट विकता येत नव्हता. त्यासाठी पबचा महागडा परवाना लागे. २०१८ मध्ये कायदा झाला आणि ब्रुअरी पाहायला आलेल्यांना तिथे बनलेली बिअर सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळात विकायची मुभा मिळाली. अटी कडक आहेत आणि लहान ब्रुअऱ्या त्या सैल करण्यासाठी अजून झगडत आहेत. पण ब्रुअरीला स्वतःचा नळ हवा, हे सरकारने कायद्यात लिहिलं, आणि त्यासाठी आता प्रत्येकाला ह्यूज-लाहार्टांसारखे पब विकत घेत फिरायला नको.